मानेवरचा मळ नव्हे, तंतूंवर चढलेला चुना

प्रश्न थोडक्यात असा: १७ वर्षांच्या मुलीच्या मानेच्या दोन्ही बाजूंना गेली चार-पाच वर्षे बारीक पिवळसर दाणे आहेत. खाज नाही, दुखत नाही. सुरुवातीला मळ समजून घासून पाहिले, मग कोणी कोलेस्टेरॉल म्हणाले. आता बायोप्सीच्या अहवालात ‘लवचीक तंतूंचे तुकडे झालेले असून त्यांवर कॅल्शियम साचले आहे’ असे आले आणि निदान ‘स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम’ असे लिहिले आहे. आई विचारते: हा कातडीपुरताच आजार आहे ना? ‘कनेक्टिव्ह टिश्यूचा आजार’ म्हणून शोधले तर ल्युपसबद्दल वाचायला मिळाले, तोच का हा? कोलॅजेनची पावडर सुरू करावी का? कॅल्शियम साचते म्हणून दूध बंद करावे का? आणि १३ वर्षांच्या धाकट्या भावालाही हे होईल का?

ताई, पहिले काम डोळ्यांचे. बाकीचे उत्तर सावकाश वाचलेत तरी चालेल, पण थेंब घालून, बाहुली मोठी करून मुलीच्या डोळ्यांचा पडदा तपासला गेला नसेल तर ती तपासणी या महिन्यातच करून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नाही. तिला आज अगदी स्वच्छ दिसत असले तरीही करा. घाबरवण्यासाठी म्हणत नाही. या आजारात मान आपल्याला आधी सूचना देते, आणि त्या सूचनेचा उपयोग करून घ्यायला अजून भरपूर वेळ हाताशी आहे, म्हणून म्हणतो.

असे का, ते समजण्यासाठी कातडीच्या आत डोकावू. वरवर दिसणाऱ्या पातळ थराखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो. कातडीचा सगळा चिवटपणा तिथला. त्यात दोन जातींचे धागे विणलेले असतात. पायजम्याच्या नेफ्यात नाडी घालतात किंवा इलॅस्टिक, तेच दोन्ही इथे एकत्र आहेत असे समजा. नाडी ताणली जात नाही, पण सहजी तुटतही नाही. इलॅस्टिक ताणते आणि सोडले की जागेवर येते. कोलॅजेन ही नाडी. डर्मिसच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग तेच असते. इलॅस्टिनचे लवचीक तंतू त्या मानाने अगदी थोडे, २ ते ४ टक्के. पण मान वळवली, हसलो, हात वर केला की कातडी परत बसते ती या थोड्या तंतूंमुळे. शरीर हे तंतू मुख्यतः जन्माआधी आणि बालपणात तयार करते. पुढे नवे फारसे बनत नाहीत. जे आहेत त्यांच्यावरच आयुष्य काढायचे असते.

आणि हे तंतू फक्त कातडीत नसतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत त्यांचा थर असतो, फुप्फुसात असतात, आणि डोळ्याच्या पडद्यामागे ब्रुकचे आवरण नावाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो त्यातही असतात. कातडीवर दिसणारा बिघाड आत कुठे पोहोचतो हे त्यावरून ठरते.

तुमच्या मुलीच्या आजारात तंतू जन्मतः चांगलेच बनतात. त्यांच्यावर हळूहळू कॅल्शियमचे कण चढतात. इलॅस्टिकवर चुना बसून वाळला तर ते कडक होईल, मग ठिसूळ होईल आणि शेवटी जागोजागी तुटेल. इथेही तसेच घडते. असे तुटके, चुनकट गुंते कातडीतून पिवळट दाण्यांसारखे दिसतात. एकमेकांना लागून रांगेत आले की पिसे काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखा पोत येतो. मान, काखा, कोपराची आतली घडी, जांघा, बेंबीचा भोवताल या त्याच्या ठरलेल्या जागा. तिच्या काखा तपासल्या नसतील तर एकदा पाहा. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूलाही कधी पिवळट छटा दिसते. हनुवटीवर तिशीच्या आधीच ठळक आडव्या-तिरप्या घड्या पडू लागल्या तर तीही एक खूण आहे.

‘झँथोमा’ म्हणजे चरबीची पिवळी गाठ. १९व्या शतकात हे दाणे त्यातलेच समजले जात. फ्रान्सचे त्वचातज्ज्ञ दारिए यांनी १८९६ मध्ये दाखवले की इथे चरबी नाही, बिघाड लवचीक तंतूंचा आहे, आणि म्हणून नावाला ‘स्यूडो’, म्हणजे खोटा, हा शब्द जोडला. तेव्हा कोलेस्टेरॉलचा तर्क तुमच्या नातेवाइकांचाच नव्हता, डॉक्टरांचाही तोच गैरसमज होता. पुढे १९२९ मध्ये स्वीडनमध्ये नेत्रतज्ज्ञ ग्रोनब्लाड आणि त्वचातज्ज्ञ स्ट्रँडबर्ग यांनी कातडीचे हे दाणे आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या विशिष्ट रेषा हा एकच आजार असल्याचे जोडून दाखवले. त्या वर्षापासून आम्हा त्वचेच्या डॉक्टरांना ‘मला काय माहीत’ म्हणण्याची सोय उरलेली नाही. तरीही सराव सुरू केल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत एका तरुणाच्या अशाच मानेवर मी चार महिने मलम लावायला दिले होते. डोळ्यांबद्दल विचारलेसुद्धा नव्हते. त्याचे निदान दुसऱ्या डॉक्टरांनी केले. तेव्हापासून मानेवर असे दाणे दिसले की मी काख पाहतो आणि डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहितो, मगच पुढचे बोलतो.

आता या आजारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. दिसतो कातडीत, पण मूळ चूक कातडीत नाहीच. ती आहे यकृतात. २००० साली वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी शोधून काढले की एबीसीसी६ नावाच्या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो, आणि हे जनुक सर्वांत जास्त काम करते ते यकृतात. त्याच्यामुळे यकृताच्या पेशींतून एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, बाहेर पडते आणि रक्तात त्यापासून पायरोफॉस्फेट तयार होते. हे पायरोफॉस्फेट म्हणजे शरीराचा चुना-प्रतिबंधक. ते पुरेसे असले की कॅल्शियमचे स्फटिक नको तिथे बसत नाहीत. तुमच्या मुलीच्या रक्तात ते कमी पडते. यकृत बाकी कामांत ठणठणीत असते, त्यामुळे यकृताच्या नेहमीच्या चाचण्या बरोबर येतात. रक्तातील कॅल्शियम आणि फॉस्फेटही बरोबरच येते.

दुधाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. कॅल्शियम जास्त झाले म्हणून ते साचत नाही; त्याला अडवणारे कमी पडते म्हणून साचते. १७ वर्षांच्या मुलीचे दूध तोडून तंतू वाचणार नाहीत, हाडांचे मात्र नुकसान होईल. वयाला लागते तेवढे कॅल्शियम जेवणातून जाऊ द्या. गरज नसताना कॅल्शियमच्या गोळ्या तेवढ्या घेऊ नका.

कोलॅजेनच्या पावडरीबद्दल मी स्पष्टच बोलतो, कारण ती महाग असते आणि आशेवर विकली जाते. खाल्लेले कोलॅजेन आतड्यात इतर प्रथिनांसारखेच तुटून छोटे तुकडे आणि अमिनो आम्ले बनते. तिथून ते मानेवर जाऊन धागा म्हणून विणले जात नाही. आणि तिच्यात मूळ बिघाड कोलॅजेनचा नाहीच. नाडी शाबूत असताना नवी नाडी विकत आणून काय करणार? खाण्यापिण्याचा आणि कोलॅजेनचा थेट, सिद्ध संबंध दिसतो तो स्कर्व्हीत. कोलॅजेनची वीण पक्की व्हायला ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते महिनोन्महिने मिळाले नाही की हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने संत्री-लिंबे देऊन खलाशी बरे होतात हे पडताळून दाखवले होते. नीट जेवणाऱ्या मुलीला ही उणीव नसते.

ल्युपसची भीतीही काढून टाका. हा सगळा घोळ शब्दाचा आहे. १९४२ मध्ये क्लेंपरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारख्या आजारांना ‘कोलॅजेनचे आजार’ म्हटले आणि ते नाव चिकटले. पुढे कळले की तिथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते आणि धाग्यांना इजा होते ती त्या हल्ल्यामुळे. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कुणावर उलटलेली नाही. तिला स्टिरॉइड नको, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नकोत. कुणी देऊ केली तर कारण विचारा.

निदान बरोबर आहे ना, ही शंका आईच्या मनात असतेच. म्हणून मी अशा वेळी काय-काय वगळतो ते सांगतो. सर्वांत सोपी चाचणी बोटांची आहे: कातडी चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. एहलर्स-डॅनलॉस नावाच्या गटात कोलॅजेन कच्चे असते, इलॅस्टिक चांगले. त्यामुळे कातडी भरपूर ताणली जाते आणि सोडताच फटकन परत बसते, पण साध्या पडण्यानेही फाटते. गुडघ्या-कपाळावरचे व्रण विडीच्या कागदासारखे पातळ, सुरकुतलेले राहतात, सांधे अतोनात वाकतात. क्युटिस लॅक्सात उलटे असते. इलॅस्टिकच बिघडलेले, म्हणून कातडी लोंबते आणि सोडल्यावर रेंगाळत परतते. लहान मूलही वयस्कर दिसते. तुमच्या मुलीची कातडी सध्या दोन्हींसारखी वागणार नाही. वर्षांनंतर मानेची आणि काखेची कातडी सैल होऊ शकते, एवढेच.

एहलर्स-डॅनलॉसचा विषय निघालाच आहे तर थांबून एक सांगायलाच हवे, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत आणि त्यांतला रक्तवाहिन्यांचा प्रकार नेमका दिसायला वेगळा असतो. त्यात कातडी फारशी ताणली जात नाही, सांधेही फार वाकत नाहीत. कातडी पातळ, जवळजवळ पारदर्शक असते, छातीवर निळ्या शिरांचे जाळे दिसते, जरासे लागले तरी मोठे काळे-निळे डाग पडतात. तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन कमकुवत असल्याने मोठी धमनी किंवा आतडे अचानक फाटू शकते, गरोदरपणात गर्भाशय फाटू शकते. ‘माझी कातडी ताणत नाही, म्हणजे मला तो आजार नाही’ असे समजून या लोकांनी घरी बसू नये. घरात कुणी तरुणपणी अशा कारणाने अचानक गेले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

परत तुमच्या मुलीकडे. वयस्कर माणसांच्या मानेवर उन्हाने येणारा पिवळट जाडसरपणा वेगळा. तो उन्हाच्या भागावरच असतो, हनुवटीच्या सावलीतली जागा सोडतो आणि काखेत कधीच नसतो. साठीनंतरच्या स्त्रियांमध्ये मानेवर हुबेहूब असेच दाणे येणारा एक निरुपद्रवी प्रकार आहे, त्यात कॅल्शियम नसते आणि डोळे सुरक्षित असतात. विल्सनच्या आजारात, म्हणजे शरीरात तांबे साचते त्या आजारात, पेनिसिलामाइन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही अशी कातडी येते. ते औषध तांबे काढून घेते आणि तंतूंची गाठ पक्की करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते. मात्र तिथेही कॅल्शियम नसते. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या काही मोठ्या रुग्णांत हुबेहूब असा बदल दिसतो. क्वचित रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या कमतरतेबरोबरही येतो, तिथे कातडीच्या घड्या खूपच लोंबतात. म्हणून साधी रक्ततपासणी आणि रक्त गोठण्याची वेळ एकदा पाहून घ्यावी. १७ वर्षांचे वय, मानेची जागा आणि बायोप्सीतले कॅल्शियम, हे तिन्ही एकत्र आल्यावर तुमच्या डॉक्टरांचे निदान मला पटते. पडद्यावर खुणा सापडल्या तर ते पक्के होईल, जनुक तपासणीने आणखी.

आता डोळा. ब्रुकच्या आवरणावर कॅल्शियम चढले की ते काचेसारखे तडकू लागते. पडद्यावर आधी संत्र्याच्या सालीसारखे बारीक ठिपके दिसतात, मग डोळ्याच्या मज्जातंतूच्या टोकापासून फुटणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा. त्यांना अँजिऑइड स्ट्रीक्स म्हणतात. या रेषांनी नजर जात नाही. त्यांच्या फटीतून पुढे नाजूक नव्या रक्तवाहिन्या वर घुसतात, त्या पाझरतात आणि मधली नजर, म्हणजे वाचायची आणि चेहरा ओळखायची नजर, खराब होते. हे बहुतेकांत चाळिशीच्या आसपास घडते. पूर्वी लेझरने फारसे हाती लागत नसे. आता डोळ्यात देण्याची व्हीईजीएफ-विरोधी, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी, इंजेक्शने आहेत आणि वेळेवर दिली तर नजर टिकते. सगळे ‘वेळेवर’ या शब्दात आहे. माझ्याकडे एक गृहस्थ त्वचेसाठी म्हणून आले, तेव्हा एका डोळ्याची मधली नजर गेलेली होती. मानेवरचे दाणे त्यांना पंधराव्या वर्षापासून होते आणि निदान तीन डॉक्टरांपैकी कुणी केले नव्हते. दुसरा डोळा इंजेक्शनांनी वाचला. तुम्ही त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षे आधी विचारता आहात.

घरी करायचे एवढेच: चौकटीच्या कागदाच्या मध्यभागी ठिपका काढून भिंतीवर लावा. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचे, मग दुसरा. सरळ रेषा लहरी दिसल्या, कुठे चौकट पुसट वाटली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे. एरवी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी. आवरण ठिसूळ असल्याने डोक्याला-डोळ्याला मार बसणारे खेळ, म्हणजे बॉक्सिंग, कराटेच्या लढती, डोक्याने चेंडू मारण्याचा फुटबॉल, टाळावेत. श्वास कोंडून जड वजने उचलू नयेत. डोळे चोळण्याची सवय असेल तर मोडावी. पोहणे, चालणे, सायकल, नाच सगळे चालेल, आणि करावेच, कारण पायांच्या रक्तवाहिन्यांना व्यायामाचा फायदा होतो.

रक्तवाहिन्यांतला त्रास सावकाश चालतो. मधल्या आकाराच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसते, चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते. मनगटाची किंवा पावलाची नाडी मंद लागू शकते. आत्ता एकदा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, चारही हातापायांच्या नाड्या आणि हृदयाची सोनोग्राफी नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. तंबाखू आणि सिगारेट आयुष्यभर वर्ज्य. या आजारात ते दुप्पट घात करतात असे समजून वागावे.

जठराच्या आतल्या रक्तवाहिन्याही नाजूक असतात आणि काही जणांना कमी वयातच पोटात रक्तस्राव होतो. डांबरासारखी काळी शी झाली किंवा उलटीत रक्त आले तर थेट रुग्णालय. डोकेदुखीला, पाळीच्या दुखण्याला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवय नको, पॅरासिटामॉल घ्यावे. पुढे कधी हृदयासाठी डॉक्टरांनीच अ‍ॅस्पिरिन लिहून दिले तर ते मनाने बंद करू नये, दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांना करू द्यावा.

आजार मुळातून जाईल असे औषध आज नाही. दिशा मात्र सापडली आहे. पायरोफॉस्फेटसारखीच रचना असलेले एटिड्रोनेट हे हाडांसाठी वापरले जाणारे जुने औषध नेदरलँड्समध्ये ७४ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना वर्षभर देऊन पाहिले गेले, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षात पायांच्या धमन्यांतला चुना वाढायचा थांबलेला दिसला. हे काही १७ वर्षांच्या मुलीला आज सुरू करण्याचे औषध नाही, वाढत्या हाडांचा विचार करावा लागतो. तिच्या हयातीत उपचार बदलतील, हे मात्र मी मनापासून मानतो.

कातडीचे काय? दाण्यांवर मलम, साल काढणे, लेझर यांवर पैसे घालवू नका. पुढे मानेच्या घड्या फारच लोंबल्या तर शस्त्रक्रियेने काढता येतात आणि जखम बहुधा नीट भरते. कधी व्रण रुंद राहतो, कधी टाक्यांतून कॅल्शियमचे खडे बाहेर येतात, हे आधी माहीत असावे. आणि घासणे आजपासून बंद. चार वर्षे तिने ‘मान नीट धूत नाहीस’ हे ऐकले असणार. तो मळ नव्हता, हे तिला घरातल्या सगळ्यांसमोर एकदा सांगा. लग्न आणि मुले यांची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती मनात असेल. या आजारातल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे नेहमीसारखी होतात. ‘मूल होऊ देऊ नका’ हा जुना सल्ला चुकीचा होता.

राहिला धाकटा भाऊ. आई आणि वडील दोघांकडून त्या जनुकाची एकेक दोषी प्रत आली तरच हा आजार होतो. तुम्ही दोघे वाहक आहात, म्हणजे एकच दोषी प्रत बाळगणारे, आणि त्यात कुणाचीही चूक नाही. त्याला आजार असण्याची शक्यता चारात एक, नुसता वाहक असण्याची दोनात एक. मान स्वच्छ आहे एवढ्यावर विसंबू नका, १३व्या वर्षी ती स्वच्छ असू शकते. मुलीच्या जनुक तपासणीत नेमके दोष सापडले तर त्याच्या रक्तात तेवढेच शोधणे सोपे जाते. ते होईपर्यंत डोळ्यांची वेळ दोघांची एकाच दिवशी घ्या, बायोप्सीच्या अहवालाची प्रत सोबत न्या, आणि चिठ्ठीवर ‘अँजिऑइड स्ट्रीक्ससाठी पडदा तपासावा’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या.